दान की देणे?

२०२५ सालच्या जानेवारीच्या ७ तारखेला अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराभोवतीच्या डोंगरांत वणवे पेटले आणि काही दिवसांतच १६,००० हून अधिक घरे व इमारती भस्मसात झाल्या. बंगळूर येथील आमच्या लहानशा मराठी मंडळीतील काही कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आहेत. ती सुखरूप राहिली ही देवाची कृपा. परंतु त्यांच्या ओळखीच्या लोकांची घरे गेली होती आणि दूरध्वनीवरून येणाऱ्या हकिगतींनी सर्वांची मने हेलावली होती. १९ जानेवारीच्या रविवारी उपासनेनंतर खास दानार्पण घेण्यात आले. आमच्या ऐपतीच्या मानाने रक्कम बरीच जमली.

पैसे मोजून पावती लिहीत असता एका तरुण भगिनीने मला विचारले, "काका, बंदीपूर जळाले तेव्हा आपण काय पाठवले होते?" मंडळीच्या हिशेबाची वही पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून प्रश्न मला होता. "बघून सांगतो," असे मी म्हणालो. घरी येऊन फेब्रुवारी व मार्च २०१९ ची पाने चाळली. ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती, वार्षिक सभेचा अल्पोपाहार, एका विधवा भगिनीस साहाय्य अशा नोंदी होत्या. बंदीपूरच्या नावे एक रुपयाही नव्हता.

नोंद नव्हती हे एक वेळ समजण्यासारखे आहे. कोणी मागितलेच नव्हते. मला अस्वस्थ केले ते त्या पानांनी जागवलेल्या दुसऱ्या एका आठवणीने. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी शनिवारी येलहंका येथील हवाई तळावर 'एरो इंडिया' हे विमानांचे प्रदर्शन चालू असता वाहनतळावरील वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि सुमारे ३०० मोटारी जळून गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. माझ्या एका स्नेह्यांची मोटार त्यांत होती. दुसऱ्या दिवशी उपासनेत, कोणाचे प्राण गेले नाहीत म्हणून आम्ही देवाचे आभार मानले, आणि सायंकाळी मी त्या स्नेह्यांच्या घरी सांत्वनासाठी गेलो. त्यांच्या मोटारीचा विमा होता. विम्याचे दावे त्वरेने निकालात निघावेत, जळालेल्या कागदपत्रांच्या नकला लवकर मिळाव्यात, यासाठी खास व्यवस्था झाली होती. असे असूनही मी गेलो आणि जायलाच हवे होते; दुःख विम्याने भरून येत नाही. परंतु त्याच रविवारी येथून सुमारे २२० किलोमीटरवर बंदीपूरचे अरण्य चौथ्या दिवशी जळत होते. वृत्तपत्रांत ते छापून येत होते, मी वाचलेही होते. आमच्या प्रार्थनेत त्याचा उच्चार झाला नाही.

ती आग २१ फेब्रुवारीला गोपालस्वामी बेट्ट या डोंगराच्या परिसरात लागली व २५ तारखेपर्यंत चालली. शेवटी वायुसेनेची हेलिकॉप्टरे आणून वरून पाणी ओतावे लागले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जळालेले क्षेत्र सुमारे ४,४०० हेक्टर भरले. बंदीपूर हा १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी एक. तेव्हा हळहळ झाली ती वाघांसाठी व हरणांसाठी. तीही योग्यच होती. बंगळूर व म्हैसूर येथून शेकडो तरुण स्वयंसेवक आग विझविण्यास धावून गेले, हे या शहराच्या पदरी पुण्य म्हणून लिहून ठेवले पाहिजे.

परंतु वणव्याने पीडित झालेला माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याकडे अवघड होतो. लॉस एंजेलिसमध्ये ज्याचे घर जळाले त्याला पत्ता होता, त्याचे नाव यादीत होते, त्याच्या राखेचे छायाचित्र निघाले. बंदीपुरात घरे जळाली नाहीत. तेथील जेनु कुरुब (कानडीत जेनु म्हणजे मध) व सोलिग लोकांची पुष्कळ कुटुंबे अरण्य राखीव झाल्यावर केव्हाच बाहेर काढली गेली होती. त्यांतील अनेक पुरुष दर उन्हाळ्यात वनखात्याकडे रोजंदारीवर हंगामी पहारेकरी म्हणून लागतात. जंगल जळते तेव्हा आगीसमोर उभा असतो तो हा मनुष्य. हाती बहुधा हिरवी फांदी, तिने ज्वाळा झोडपायच्या. पायांत पुष्कळदा साधी चप्पल. याच अरण्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये आग विझविताना एक वनरक्षक मृत्युमुखी पडला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी एकाच दिवशी होरपळून मेले. आपल्या महाराष्ट्रात मेळघाटात, गडचिरोलीत, ताडोबाच्या कडेने दर वर्षी फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत असेच लोक जाळरेषा काढीत आणि धूर शोधीत हिंडत असतात. त्यांच्यासाठी थैली फिरत नाही, कारण त्यांची आपत्ती एका दिवसाची नसते आणि तिचे छायाचित्र चांगले येत नाही.

पुढच्या रविवारी मी हे सारे मंडळीत सांगितले आणि लॉस एंजेलिसला रक्कम पाठवावीच, परंतु बंदीपूरच्या पहारेकऱ्यांसाठीही काही करावे, आणि हे वणवे का वाढत आहेत याचाही मंडळीने विचार करावा, असे सुचविले. पहिल्या दोन गोष्टींना कोणाचाच विरोध नव्हता. तिसरीला मात्र आमच्या मंडळीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली. सर्वजण त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्यावर मदतीसाठी गेलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या तुकडीत ते होते; प्रेते उचलली आहेत त्यांनी. ते म्हणाले, "किल्लारीला आम्ही भूकंप कोणी केला हे विचारले काय? शोमरोन्याने त्या जखमी माणसाला, तुला कोणी मारले, असे विचारले काय? तेल व द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, गाढवावर घातले. कारणांचा तपास शास्त्रज्ञांनी करावा, सरकारने करावा. मंडळी त्यात पडली की जखमी बाजूला राहतो आणि वाद उरतो."

वाचकहो, हा युक्तिवाद हलका नाही. कारणांची चर्चा ही न देण्याची सबब होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दारावर आलेल्या भुकेल्याला दारिद्र्याची कारणे समजावून सांगणारे सुशिक्षित लोक पुष्कळ असतात. मास्तरांचे म्हणणे मी मनात घोळवीत राहिलो, आणि शेवटी दोन ठिकाणी अडलो.

एक अडचण किल्लारीतच आहे. भूकंप कोणी केला नव्हता हे खरे. परंतु त्या पहाटे हजारो माणसे मेली ती जमीन हलल्याने नव्हे, तर घरे अंगावर कोसळल्याने. दगडमातीच्या जाडजूड भिंती, दगडांना धरून ठेवणारे काही नाही, आणि छतावर मातीचा प्रचंड भार. पुनर्वसनात नवी घरे उभारताना जुन्या भिंती का पडल्या हे विचारल्यावाचून एक वीटही रचता आली नसती. कारण न विचारता बांधले असते, तर पुढच्या भूकंपासाठी थडगीच बांधली असती. मास्तरांनी स्वतः त्या घरांच्या पायाभरणीस हात लावला आहे. म्हणजे त्यांच्याच सेवेत तो प्रश्न होता; तो त्यांनी वेगळा काढून पाहिला नव्हता, इतकेच.

दुसरी अडचण शोमरोन्याच्या दाखल्यात आहे, आणि ती अधिक खोल आहे. त्या शोमरोन्याचा लुटारूंशी काही संबंध नव्हता. त्याने जे केले ते निर्मळ दयेचे कृत्य होते, कारण त्या माणसाचे तो काही लागत नव्हता. समजा, सरायवाल्याच्या हाती त्याने ठेवलेले दोन दीनार त्याच लुटीतील वाट्याचे असते, तर? तेल तेच, पट्टी तीच, गाढवही तेच. परंतु आपण त्या कृत्याला दया म्हटले असते काय? तो फार तर लुटीचा एक अंश परत करीत होता, असे म्हणालो असतो. तेव्हा पट्टी बांधणाऱ्याने, जखम कोणी केली, हे निदान स्वतःशी एकदा विचारणे आवश्यक आहे. उत्तर, मी नाही, असे आले, तर त्याचे कृत्य दान आहे. उत्तर दुसरे काही आले, तर ते देणे आहे.

म्हणून बंदीपूरची आग कोणी लावली, या प्रश्नाकडे वळले पाहिजे. त्या आगीनंतर आसपासच्या गावांतील काही माणसांना अटक झाली. भारतातील वणवे आकाशातून पडत नाहीत. बहुतेक मनुष्याच्याच हाताने लागतात. कोणी गुरांसाठी नवे गवत फुटावे म्हणून जाळतो, कोणी मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितो, कोणी वनखात्यावरच्या रागाने काडी टाकतो, कोणाची विडी न विझता पडते. तेव्हा काडी लावणारा दोषी आहेच. परंतु काडी दर वर्षीच पडते. काही वर्षी ती चार एकर जाळून विझते आणि काही वर्षी चार हजार हेक्टर खाते. हा फरक काडीतला नसून ती ज्यावर पडली त्यातला असतो.

बंदीपुरात ती बहुतांशी घाणेरीवर पडते. आपल्याकडे टणटणी म्हणतात तीच ही काटेरी, रंगीत फुलांची झुडपे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बागेची शोभा म्हणून या देशात आणली. बागेतून ती रानात गेली, आणि आज बंदीपूरच्या फार मोठ्या भागात तिच्या जाळ्या माणसाच्या डोक्याहून उंच माजल्या आहेत. पावसाळ्यात वाढावे आणि फेब्रुवारीत सुकून सरपण व्हावे, असा तिचा क्रम. याच चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरिरंगन डोंगरांतील सोलिग लोक पूर्वी उन्हाळा तापण्याआधीच पाचोळ्याला लहानशी आग लावीत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणत. ती जमिनीलगत हलकेच जाऊन विझे. जून झाडे वाचत आणि घाणेरीची रोपे मरत. १९७४ मध्ये ते अरण्य अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. पुढे घाणेरी माजली. बंगळूरच्याच 'अशोका ट्रस्ट' या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी सोलिगांबरोबर काम करून हा इतिहास मांडला आहे. म्हणजे ज्यांना आपण आग लावणारे म्हणून हाकलले, त्यांनाच आग कशी आवरावी हे ठाऊक होते! अर्थात, घाणेरी एवढी माजल्यावर आता तीच हलकी आग हलकी राहील काय, हा प्रश्न उरतो, आणि वनखात्याची भीती अगदीच निराधार नाही.

याच्या वर हवेचा वाटा. २०२४ हे वर्ष जगाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सरासरी तापमान सुमारे १.५५ अंशांनी अधिक. २८ एप्रिल २०२४ रोजी थंड हवेचे म्हणून नावाजलेल्या आमच्या बंगळुरात ३८.५ अंश उष्मा होता. लॉस एंजेलिसच्या वणव्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने असे अनुमान काढले की आगीला पोषक असे ते हवामान मनुष्यनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक संभवनीय झाले होते. बंदीपूरच्या २०१९ च्या आगीविषयी असा आकडा मी देऊ इच्छीत नाही. परंतु तापलेल्या हवेत पाचोळा लवकर वाळतो हे समजण्यास आकडा लागत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयावर एक कलम आहे. रविवारच्या वाचनात ते कधी येत नाही आणि त्यावर उपदेश मी तरी ऐकलेला नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाचे सहावे वचन पाहावे. आग भडकून काट्याकुट्यांना लागली आणि त्यामुळे दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या, उभे पीक किंवा शेत जळाले, तर ज्याने आग पेटविली त्याने भरपाई करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. किती व्यवहारी कायदा आहे पाहा! पेटविणाऱ्याचा हेतू वाईट होता असे तेथे म्हटलेले नाही. तो आपल्याच बांधावरचे काटे जाळीत असेल, आणि ते काम योग्यही असेल. वाऱ्याने घात केला असेल. तरीही शेजाऱ्याचे पीक गेले आहे आणि ते भरून द्यावयाचे आहे. त्याच अध्यायात चोराला दुप्पट, चौपट, पाचपट दंड सांगितला आहे. आग पेटविणाऱ्याला तसा दंड नाही. जेवढे जळाले तेवढेच भरावयाचे. म्हणजे नियमशास्त्र त्याला चोर म्हणत नाही, देणेकरी म्हणते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. आपण तापमानवाढीविषयी बोलू लागलो की ऐकणारा चटकन म्हणतो, "म्हणजे मी गुन्हेगार काय?" आणि संभाषण तेथेच संपते. नियमशास्त्राचे उत्तर असे आहे की गुन्हेगार नसताही मनुष्य देणेकरी असू शकतो.

त्याच्या आधीच्याच अध्यायात मारक्या बैलाचे कलम आहे, तेही येथे लागू पडते. बैलाने एकाएकी कोणाला मारले तर धनी निर्दोष सुटतो. परंतु बैल मारका आहे अशी सूचना धन्याला मिळाली असून त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर मात्र धन्यावर भयंकर जबाबदारी येते. आपल्या आजोबांच्या पिढीने कोळसा जाळला तो न कळता जाळला. परंतु हवामानबदलासंबंधीचे आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळ १९८८ साली स्थापन झाले, त्याचा पहिला अहवाल १९९० साली आला, १९९२ साली रिओ येथे राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. तेव्हापासून जगाला सूचना मिळालेली आहे.

हे आपण एकटेच बोलतो आहोत असे नाही. दान की देणे, हा शब्दांचा खेळ वाटेल, पण याच दोन शब्दांवर राष्ट्रे तीस वर्षे झगडत आहेत. २०१५ च्या पॅरिस करारात हानी व नुकसान यांवर एक कलम घालण्यात आले. त्याच परिषदेच्या ठरावात लगेच असेही नोंदविण्यात आले की या कलमाच्या आधारे कोणावर दायित्व वा भरपाई लादता येणार नाही. श्रीमंत राष्ट्रे मदत देण्यास तयार होती. ऋण मान्य करण्यास तयार नव्हती. २०२२ मध्ये हानी-नुकसान निधी स्थापण्याचे ठरले, पुढच्या वर्षी त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली, आणि तीही ऐच्छिक. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र आपल्या सल्लारूपी मतात सांगितले की हवामानाच्या रक्षणाचे कर्तव्य राष्ट्रांवर आहे आणि ते मोडल्यास भरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो. निर्गमाच्या त्या कलमाजवळ जग हळूहळू येत आहे असे म्हणावे काय? एका ठिकाणी तर ते अक्षरशः आले. कॅलिफोर्नियातील पॅरडाइज नावाचे गाव (सुखलोक!) नोव्हेंबर २०१८ मध्ये जळाले, ८५ माणसे मेली, आग वीज कंपनीच्या तारांमुळे लागली होती. २०२० मध्ये त्या कंपनीने न्यायालयात ८४ मृत्यूंचा दोष कबूल केला आणि पीडितांसाठी मोठा भरपाई निधी उभा राहिला. पेटविणाऱ्याने भरून दिले, निदान बरेचसे.

आता प्रश्न उरतो आपला. मी निवृत्त मनुष्य, एक दुचाकी बाळगणारा. मी कोणाचे रान पेटविले? दरडोई पाहिले तर भारतीय मनुष्याचा धूर अमेरिकनाच्या धुराच्या कितीतरी पट कमी आहे, आणि आपल्या सरकारने तो मुद्दा जगापुढे मांडावा हे न्याय्यच आहे. पण त्या सरासरीच्या आड बंगळूरचा मध्यमवर्गीय मनुष्य आणि गुंडलुपेटचा हंगामी पहारेकरी एकाच रांगेत उभे राहतात, हे विसरून चालणार नाही. या शहरात एक कोटीहून अधिक वाहनांची नोंद आहे. आमच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत वर उपसून आणावे लागते. ते १९७४ पासून येत आहे आणि २०२४ मध्ये त्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्या पाण्यात काही पाणी बंदीपूरचेच आहे, हे मला नकाशा पाहीपर्यंत सुचले नव्हते. तेथील डोंगरांचे ओहोळ नुगू व कबिनी या नद्यांना मिळतात, कबिनी नरसीपूरला कावेरीस मिळते, आणि तेथून खाली आमचे पंप बसविले आहेत. मार्च २०२४ मध्ये शहरातील सुमारे १४,००० सार्वजनिक कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या, तेव्हा आम्ही जगलो ते या पाण्यावर. म्हणजे जे रान तो चपला घातलेला मनुष्य फांदी घेऊन राखीत होता, त्याचेच पाणी त्या फेब्रुवारीच्या रविवारी आमच्या बाप्तिस्म्याच्या पात्रात होते. देणे आहे की नाही हे याहून अधिक स्पष्ट कसे करावे, मला ठाऊक नाही.

किती देणे, हे मात्र सांगता येत नाही, आणि येथेच मनुष्य निसटतो. सर्वांचे म्हणून जे असते ते कोणाचेच नसते. येथे मला जक्कय आठवतो. शोमरोनी ज्या रस्त्याने जात होता तो रस्ता यरीहोला पोहोचतो, आणि जक्कय त्याच यरीहोचा. मुख्य जकातदार, त्याच्या वर रोमी सत्ता, खाली हाताखालचे लोक. सारी व्यवस्थाच लुटीची होती, आणि तीत त्याचा नेमका वाटा किती हे काढणे त्यालाही अवघड गेले असते. रोमने परत करावे, मग मी करीन, असे तो म्हणू शकला असता. त्याने दोन वेगळे हिशेब केले. अर्धी मालमत्ता गरिबांना, हे दान. ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट, हे देणे. गरिबांना दिले, त्यातच ते आले, असे त्याने म्हटले नाही. लूक हे दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदवितो. हिशेबाची वही ठेवणारा म्हणून मला त्याचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

लॉस एंजेलिसची रक्कम आम्ही पाठविली. फेब्रुवारी २०२५ च्या मध्यास आम्ही चौघे एका शनिवारी गुंडलुपेट तालुक्यातील एका आदिवासी वस्तीत गेलो. ती तरुण भगिनी बरोबर होती, कारण तिची कानडी आमच्याहून चांगली आहे. तेथील हंगामी पहारेकऱ्यांसाठी जाड तळव्याचे बूट व पाण्याच्या पिशव्या नेल्या होत्या. एका वृद्धाने बूट हातात घेऊन उलटेपालटे पाहिले, चांगले आहेत म्हणाला. मग त्याने विचारले की आम्ही बंगळूरचे ना, मग तेथल्या मोठ्या साहेबांना एक सांगाल काय: रान जाळायचे तर जानेवारीत, थोडे थोडे, आणि आम्हाला विचारून. फेब्रुवारी संपताना विचारून उपयोग नाही. आम्ही कोणा साहेबाला ओळखत नव्हतो. तरी परत आल्यावर मंडळीच्या वतीने वनखात्याला पत्र लिहिले आहे. शहरात, उपासनेला येताना निदान एका मोटारीत चौघे बसावेत, एवढे साधे ठरविण्यासही आम्हाला दोन सभा लागल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या बुटांचा खर्च मी वहीत 'देणी' या सदराखाली लिहिला. मास्तर आमचे हिशेबतपासनीस आहेत. ते म्हणतात की ज्याचा धनको ठरलेला नाही, रक्कम ठरलेली नाही, ते देणे हिशेबशास्त्रात बसत नाही. नोंद 'दान' या सदरात घालावी. मी घातलेली नाही. त्या पानावर त्यांची सही अजून झालेली नाही.